कच नेमका कोण? ‘ययाति’तल्या रूपकाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये ‘ययाति’ कादंबरीचा विषय निघाला की बोलणं थोड्याच वेळात नाटकावर घसरतं. कादंबरी १९५९ची, कोल्हापुरात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांची. ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक १९६६चं, आपल्या गावच्या कवीचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं (वि. वा. शिरवाडकरांचं). दोघांचा ऋणानुबंध त्याच्या कितीतरी आधीचा: १९४२ साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा कवितासंग्रह पदरचे पैसे घालून छापला तो याच कादंबरीकाराने. तरीही एकाच कथेशी दोघे फार वेगळे वागले.

महाभारताच्या आदिपर्वातली कथा थोडक्यात अशी: संजीवनी विद्या शिकायला आलेला कच गुरू शुक्राचार्यांच्या मुलीचं, देवयानीचं, प्रेम नाकारतो; पुढे तिचं लग्न राजा ययातिशी होतं, तो तिची दासी झालेल्या राजकन्या शर्मिष्ठेत गुंततो, शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा होतो आणि मुलगा पुरू त्याला आपलं तारुण्य देतो. रूपकाची सवय मराठीला जुनीच. सोळाव्या शतकातल्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे कामक्रोध हे भारूडच सांगून टाकतं आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगाराही देतं. १८४१ मध्ये एक गाजलेली इंग्रजी धार्मिक रूपककथा ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आली. म्हणजे गोष्टीसोबत तिचा अर्थही वाचकाच्या हातात ठेवणं आपल्याकडे गैर मानलं जात नव्हतं.

कादंबरीकाराचा हात या बाबतीत आधीच बसलेला होता. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘क्रौंचवध’ ही शीर्षकंच पाहा. रूपककथा हा तर त्यांचा खास प्रांत. पण दोन पानांची रूपककथा आणि चारशे पानांची कादंबरी यांत फरक पडतो. छोट्या कथेत पात्राला दुसरं काही व्हायला वेळच मिळत नाही. मोठ्या कादंबरीत ते जेवतं, रुसतं, खोटं बोलतं आणि हळूहळू नेमून दिलेल्या कामाबाहेर जातं.

वादाचा मुद्दा इथे येतो. लेखकाने कादंबरीसोबत आपली भूमिकाही सविस्तर मांडली. आपला ययाति हा महाभारतातला ययाति नव्हे, तो सुखाच्या मागे धावत सुटलेल्या आजच्या माणसाचा प्रतिनिधी आहे, असा तिचा रोख. स्वातंत्र्याला बारा वर्षं झालेली, ध्येयवाद ओसरू लागलेला. त्या काळात ही गरज लेखकाला का वाटली असेल ते समजू शकतं. बाजू घेणारे म्हणतात, पुराणकथा वापरायची तर ती का वापरली हे सांगणं लेखकाचं कर्तव्यच. पंचवटीत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटेल. आमच्याकडे रामायणातल्या सीतेची मानली जाणारी सीतागुंफा हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता असतो. तिथे प्रतीक वगैरे शोधायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, ते कुणीतरी सांगावंच लागतं.

विरोधकांचं म्हणणं असं की भूमिका वाचली की कादंबरी मिटते. मला हे अर्धंच पटतं. ययातिच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. तो स्वतःच आपली कहाणी सांगतो आणि सांगता सांगता सबबी पुढे करतो. त्या सबबी वाचकाला ओळखीच्या वाटतात. भूमिका नसती तरी वाटल्या असत्या. खरं नुकसान होतं ते कचाचं. महाभारतात संजीवनी घेऊन आणि देवयानीशी शापांची देवाणघेवाण करून कच निघून जातो, तो ययातिच्या संसारात डोकावतही नाही. कादंबरीकाराने त्याला परत आणलं. हा या कादंबरीतला सर्वांत धाडसी बदल आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. भोगाच्या एका टोकाला ययाति, देहाचा तिरस्कार करणाऱ्या वैराग्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचा भाऊ यति, आणि मधे समतोल साधलेला कच, अशी ही मांडणी. महाभारतात यतीचा जेमतेम उल्लेख आहे, इथे तो पुरं पात्र होतो. पण कचाला समतोलाचं काम इतकं पक्कं नेमून दिलंय की त्याला डगमगायची मुभाच उरत नाही. प्रेम नाकारून निघालेला तरुण म्हणून त्याच्याजवळ काय शिल्लक होतं, हे जाणून घ्यायचं राहूनच जातं.

देवयानी मात्र निसटते. तिला आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडून बोलायला लावणं हा दुसरा मोठा निर्णय, त्याची चर्चा फार कमी होते. देवयानी म्हणजे अहंकार, शर्मिष्ठा म्हणजे निरपेक्ष प्रेम अशी समीकरणं परीक्षेच्या गाइडात खपतात. पण देवयानीची प्रकरणं वाचताना तिच्या अहंकाराखालचा अपमान दिसत राहतो, आणि मग ‘म्हणजे’ लिहिणं अवघड होतं.

नाटकातही कच आहे. तिथे तो कुणाचा प्रतिनिधी हे नाटककार सांगत बसत नाही. त्याच्या गळ्यात ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ घालतो. गाण्याला भूमिका जोडावी लागत नाही, ही रंगभूमीची सोय म्हणा हवं तर. त्याआधी, १९६१ मध्ये, कन्नडमध्ये याच कथेवर आलेल्या गिरीश कार्नाडांच्या नाटकात पुरूच्या पत्नीला मोठी जागा मिळाली. तारुण्य देऊन टाकणाऱ्या नवऱ्याच्या बायकोचं काय, हा प्रश्न मराठी कादंबरीने घेतला नव्हता.

१९७४चं ज्ञानपीठ कादंबरीकाराला मिळालं, मराठीतलं पहिलं. दुसरं, १९८७चं, नाशिकला आलं. पहिल्यानंतर ‘ययाति’ इतर भाषांतल्या वाचकांपर्यंत पोचली आणि लेखकाने सांगितलेला अर्थ आणखी पक्का झाला. आज नव्याने वाचणाऱ्याने आधी कादंबरी संपवावी. भूमिका वाचायची ती कचाशी स्वतःचं एक भांडण झाल्यावर.