फाइलवरचं निदान आणि समोरचा माणूस

छातीत दुखतंय म्हणून कुणी डॉक्टरकडे गेलं आणि त्याच्या फाइलवर आधीच 'स्किझोफ्रेनिया' (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) लिहिलेलं असलं, तर ती तक्रार भासात जमा होण्याची भीती असते. मग ईसीजी लांबतो. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी 10 ते 20 वर्षं आधी जातात आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. धूम्रपान, औषधांचे दुष्परिणाम, गरिबी अशी कारणं आहेतच. पण दुखणं नीट ऐकूनच न घेणं हेही त्यातलंच एक.

शिकलेसवरलेले असं करणार नाहीत, असं वाटतं ना? जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ या संशोधकांनी 2010 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या 500हून अधिक व्यावसायिकांना एकाच रुग्णाची हकिगत वाचायला दिली. फरक एवढाच, की काहींच्या कागदावर तो 'व्यसनी' होता, तर काहींच्या कागदावर त्याला 'व्यसनाचा विकार' होता. 'व्यसनी' वाचणाऱ्यांनी दोष त्याच्यावर जास्त टाकला आणि त्याला शिक्षा व्हावी याकडेही त्यांचा कल अधिक दिसला.

जपानमध्ये तर आजाराचं नावच बदलावं लागलं. स्किझोफ्रेनियाचं तिथलं जुनं नाव 'मन दुभंगण्याचा रोग' अशा अर्थाचं होतं. ते इतकं बदनाम होतं, की बरेच डॉक्टर रुग्णाला निदान सांगायचंच टाळत. आता ज्याला आपला आजार कोणता हेच ठाऊक नाही, तो वर्षानुवर्षं गोळ्या का घेईल? रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं पाठपुरावा केला आणि 2002 मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं नवं नाव स्वीकारलं: मनाच्या क्रियांचा मेळ बिघडण्याचा विकार. निदान सांगितलं जाण्याचं प्रमाण तीन वर्षांत सुमारे 37 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेलं. औषध तेच, आजार तोच. डॉक्टरांची जीभ तेवढी मोकळी झाली.

म्हणून निदानच नको, असं मात्र नाही. आपल्याला होतंय त्याला नाव आहे, उपचार आहेत, हे कळल्यावर अनेकांना हायसं वाटतं. त्रास होतो तो नावाचा शिक्का झाल्यावर. 'मी स्किझोफ्रेनिक, मला कोण नोकरी देणार' असं माणूस स्वतःच म्हणू लागतो आणि अर्जच करत नाही. नकार द्यायला दुसरं कुणी लागतच नाही.