टीव्ही गेमचा पिक्सेल आणि कॉम्प्युटर लॅबचा पिक्सेल

शाळेच्या आठवणींवर गेमचं फॅन आर्ट काढताना दोन वेगळ्या आठवणी हमखास एकत्र होतात. एक, सुट्टीत टीव्हीला जोडून कॅसेटवर खेळलेला मारिओ. दुसरी, चपला दाराबाहेर काढून लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघातिघांनी मिळून खेळलेला ‘डेंजरस डेव्ह’ हा गेम. दोन्ही जुने, दोन्ही ठिपक्यांचे, म्हणून सरसकट ‘एट-बिट’ म्हणायचं आणि एकाच पद्धतीने काढायचं. चित्र तिथेच फसतं.

आपल्याकडचा टीव्ही गेम बहुधा निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉम या गेम-यंत्राची नक्कल. पडदा २५६ × २४० पिक्सेलचा, रंग पन्नासच्या आसपास. खरी अडचण रंग किती याची नसून ते कुठे वापरता येतात याची आहे. पार्श्वभूमीच्या १६ × १६ च्या प्रत्येक चौकोनाला एकच पॅलेट, म्हणजे रंगांचा छोटा संच: तीन रंग, शिवाय सगळ्या पडद्याला सामाईक असलेला एक. अशी पॅलेट चारच. म्हणून तर पहिल्या मारिओत ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त पॅलेट बदललेलं.

पात्राला तर तीनच रंग, चौथी जागा पारदर्शक. छोटा मारिओ नीट बघा: टोपी आणि डंगरी लाल, चेहरा-हात एका रंगात, आणि केस, मिशी, शर्ट, बूट सगळं एकाच तपकिरीत. गणवेशातला मुलगाही असाच काढायचा. शर्ट पांढरा, त्वचेला एक रंग, केस-चड्डी-बूट मिळून एक गडद रंग. दप्तर लालच हवं असेल तर ते वेगळा स्प्राइट (पार्श्वभूमीवर फिरणारं सुटं चित्र) समजून दुसऱ्या पॅलेटमध्ये काढा आणि वर ठेवा. त्या काळचे कलाकारही हीच युक्ती करत.

लॅबमधल्या डॉस कॉम्प्युटरच्या ईजीए (जुन्या ग्राफिक्स कार्डाचा एक प्रकार) चित्रात नियम उलटे. पडदा ३२० × २००, रंग ठरलेले १६च, पण कुठल्याही ठिपक्याला कुठलाही रंग देता येतो. यात गव्हाळ त्वचा नावाचा रंगच नाही. तो बुद्धिबळाच्या पटासारखा बनवावा लागतो: एक ठिपका तपकिरी, एक फिकट करडा. लांबून बघितलं की गव्हाळ दिसतो. मात्र चेहरा पाच-सहा ठिपक्यांचाच असेल तर ही जाळी मळ लागल्यासारखी दिसते. तिथे सपाट तपकिरी बरा. भिंत, फळा, आभाळ अशा मोठ्या जागांवर जाळी खुलते.

सगळ्यात जास्त चुका पिक्सेलच्या आकारात होतात. दोन्हीकडे तो चौरस नव्हता. टीव्ही गेमचा किंचित आडवा, मूळ फॅमिकॉमच्या हिशोबाने ८:७. डॉसचा उभा, ५:६. लॅबच्या भिंतीवरचं गोल घड्याळ टीव्ही गेममध्ये १४ रुंद आणि १६ उंच काढा, डॉसमध्ये २४ रुंद आणि २० उंच. मग डॉसचं चित्र रुंदीत ५ पट, उंचीत ६ पट वाढवलं की बरोबर १६०० × १२०० होतं आणि घड्याळ गोल दिसतं. टीव्ही गेमचं चित्र ८ आणि ७ पट वाढवा. वाढवताना ‘निअरेस्ट नेबर’ (शेजारचे रंग न मिसळता वाढवणारा पर्याय) निवडा आणि गुणक पूर्णांकच ठेवा. २.५ पट केलं की काही ठिपके जाड, काही बारीक होतात आणि जाळीवर भलतेच पट्टे उमटतात.

आडव्या काळ्या रेघांचा फिल्टर सरसकट लावू नका. टीव्हीवर त्या शोभतात, अँटेनाच्या वायरीतून येणाऱ्या चित्राचे रंग थोडे बाजूला सांडलेले दाखवले तर आणखी छान. ईजीएनंतर आलेला व्हीजीए मॉनिटर मात्र २०० ओळींतली प्रत्येक ओळ दोनदा काढायचा, त्यामुळे लॅबमधलं चित्र घट्ट, कोरीव दिसायचं. फाइल पीएनजीमध्येच सेव्ह करा. जेपेगने जाळी पुसट होते आणि १६ रंगांचे शेकडो होतात.