अमेरिकन यादवी युद्ध : पूर्वपीठिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमध्ये १८६१ ते १८६५ या काळात झालेले युद्ध. प्रस्तुत नोंदीत लढायांचा तपशील घेतलेला नसून, प्रदेशभेद आणि गुलामगिरी यांच्या गुंत्यातून हे राष्ट्र यादवीपर्यंत कसे आले, एवढाच भाग विचारात घेतला आहे. युद्धातील मृतांचा आकडा दीर्घकाळ सुमारे ६,२०,००० असा दिला जाई. जनगणनांच्या तुलनेवरून इतिहासकार डेव्हिड हॅकर यांनी २०११ मध्ये तो सुमारे ७,५०,००० असावा असे मांडले. त्यांच्याच हिशेबात खालची मर्यादा साडेसहा लाखांची असल्याने जुना आकडा कमी पडतो, इतपत म्हणण्यास हरकत नाही.

गुलामगिरीचा आरंभ : इंग्रज वसाहतींपुरता हा आरंभ १६१९ पासून मोजण्याची प्रथा आहे. त्या वर्षी ऑगस्टअखेरीस व्हर्जिनियातील पॉइंट कम्फर्ट येथे ‘व्हाइट लायन’ या जहाजाने वीसहून किंचित अधिक आफ्रिकी माणसे उतरवली. ती अंगोलाकडून आणलेली असून एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून लुटलेली होती. स्पॅनिश फ्लॉरिडात गुलाम त्याआधीपासून होते, त्यामुळे ‘पहिले आफ्रिकी’ हा उल्लेख इंग्रज वसाहतींपुरताच खरा आहे. या माणसांचा कायदेशीर दर्जा काय होता, हा वाद जुना आहे. गोऱ्या करारबद्ध नोकरांप्रमाणेच त्यांना प्रथम मुदतीने राबवले जाई व वंशभेद मागाहून कायद्यात आला, असे ऑस्कर व मेरी हँडलिन यांचे मत (१९५०). भेदभाव पहिल्यापासूनच होता, असे उत्तर कार्ल डेग्लर यांनी दिले. दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. अँथनी जॉन्सन हा आफ्रिकी गृहस्थ पुढे स्वतंत्र होऊन जमीनमालक झाला. उलट १६४० मध्ये तीन नोकर मिळून पळाले असता दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली आणि जॉन पंच या आफ्रिकी नोकराला मात्र जन्मभराची चाकरी ठोठावण्यात आली. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल असे केले. तेथून पुढे संदिग्धता फारशी उरत नाही.

राज्यघटनेतील तडजोड : स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी गुलामगिरी सर्व तेरा वसाहतींत कायदेशीर होती. पुढील काही दशकांत उत्तरेकडील राज्यांनी ती बंद केली, बऱ्याच ठिकाणी टप्प्याटप्प्याने. १७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळलेला असला, तरी तीन कलमे त्याच विषयाची आहेत : प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची तीनपंचमांश संख्या धरणे, पळालेला गुलाम मालकाला परत करणे, आणि १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी न घालणे. ज्यांना मत नव्हते त्यांच्या डोक्यांच्या मोजणीने दक्षिणेच्या जागा वाढल्या. आयातबंदी ठरल्याप्रमाणे १ जानेवारी १८०८ पासून लागू झाली, परंतु देशांतर्गत खरेदी-विक्री चालूच राहिली.

सरकी काढण्याचे यंत्र : अठराव्या शतकाच्या अखेरीस तंबाखूची जमीन निकस होत होती आणि गुलामगिरी आपोआप मावळेल असे अनेकांना वाटत होते. ती मावळली नाही याचे श्रेय, किंवा दोष, पाठ्यपुस्तके एलाय व्हिटनी यांच्या यंत्राला देतात. व्हिटनी १७९२ मध्ये जॉर्जियातील सव्हॅनाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या मळ्यावर आले. तेथे त्यांनी नमुना बनवला व १४ मार्च १७९४ रोजी त्याचे पेटंट मिळवले. यंत्राची रचना साधी होती : फिरत्या लाकडी रुळावर बसवलेले तारेचे दाते जाळीच्या फटींतून रुई ओढून घेत, सरकी मागे राही, आणि उलट फिरणारा ब्रश दात्यांवरची रुई झाडून काढी. मळ्याची मालकीण कॅथरिन ग्रीन हिने ब्रशाची कल्पना सुचवली, अशी परंपरागत समजूत आहे. ती संभवनीय असली तरी समकालीन कागदपत्रांनी पक्की होत नाही. १७९६ मध्ये हॉजेन होम्स यांनी तारेऐवजी करवतीची गोल पाती बसवली. पुढे कारखान्यांत रूढ झालेला प्रकार बव्हंशी हाच असल्याने ‘व्हिटनीचे यंत्र’ हे नाव काहीसे फसवे आहे. पेटंटचे दावे अनेक वर्षे चालले आणि त्यांतून व्हिटनी यांना अपेक्षेइतका पैसा मिळाला नाही.

त्याआधी सरकी बोटांनीच काढत, हे नेहमीचे विधान मात्र तपासून घ्यावे लागते. दोन रुळांची चरकी भारतात शतकानुशतके वापरात होती. त्याहून जुना प्रकार म्हणजे सपाट दगडावर किंवा फळीवर एकच रूळ फिरवून सरकी वेगळी करणे. सुमारे पाचव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या अजिंठ्याच्या चित्रांत तो दिसतो, असे अभ्यासक म्हणतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील लांब धाग्याच्या, गुळगुळीत सरकीच्या कापसाला चरकी उत्तम चाले. बहामामधील जोझेफ ईव्ह यांनी १७८८ च्या सुमारास तिची सुधारित आवृत्तीही काढली होती. अडचण होती ती अंतर्भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची, कारण त्याची हिरवट सरकी लवदार असून रुई तिला घट्ट चिकटलेली असते. या वाणाला चरकी निरुपयोगी होती की केवळ संथ, याबद्दल एकमत नाही. भारतातील आखूड धाग्याचा कापूस चरकीवरच काढला जात असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. व्हिटनीच्या यंत्राने धागा तुटे, पण काम झपाट्याने उरके, आणि इंग्लंडमधील लँकेशरच्या कापडगिरण्यांना हवा होता तो माल भरपूर व स्वस्त. तेव्हा यंत्राने गुलामगिरी वाचवली असे म्हणण्यापेक्षा, गिरण्यांची मागणी, नवी जमीन आणि यंत्र ही तिन्ही एकाच वेळी जुळून आली असे म्हणणे बरे. जमीनही रिकामी नव्हती. चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ इ. मूळ रहिवाशांना १८३० च्या कायद्यान्वये मिसिसिपी नदीपलीकडे हाकलून ती मोकळी करण्यात आली.

कापसाचा पट्टा : १७९० मध्ये देशात कापसाच्या जेमतेम तीन हजार गाठी निघत. १८६० च्या सुमारास ही संख्या ४० लाखांपुढे गेली आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक मूल्य कापसाचे होते. याच काळात गुलामांची संख्या सुमारे ७ लाखांवरून ३९.५ लाखांवर पोहोचली. व्हर्जिनिया-मेरीलंडकडून अगदी दक्षिणेकडील कापसाच्या राज्यांत विकून वा मालकांबरोबर नेलेल्या माणसांची संख्या दहा लाखांच्या घरात मानतात. साउथ कॅरोलायना व मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. गुलामांच्या राज्यांत गुलाम बाळगणारी गोरी कुटुंबे सुमारे एकचतुर्थांश होती. उरलेली कुटुंबे या पद्धतीच्या पाठीशी का राहिली, याचे उत्तर कुणी वंशश्रेष्ठत्वात, कुणी पुढेमागे आपणही गुलाम विकत घेऊ या आशेत, तर कुणी गुलामांच्या बंडाच्या भीतीत शोधतात. गुलामांना शिकवणे बहुतेक दक्षिणी राज्यांत गुन्हा असल्याने त्यांची स्वतःची साक्ष मुख्यतः पळून गेलेल्यांची आत्मकथने आणि १९३०-४० या दशकात वृद्धांच्या घेतलेल्या मुलाखती यांतूनच मिळते.

तडजोडींची मालिका : गुलामगिरी आहे तेथे राहू द्यावी की नाही, यावर राष्ट्रीय राजकारणात फारसा वाद होत नसे. निर्मूलनवादी, म्हणजे गुलामगिरी समूळ बंद करू पाहणारे, उत्तरेतही अल्पसंख्य होते. वाद पेटे तो नव्या प्रदेशांवरून, कारण प्रत्येक नव्या राज्यामागे सीनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) दोन जागा वाढत. १८१९ मध्ये अकरा राज्ये गुलामगिरीची व अकरा मुक्त असा तोल असताना मिझूरीने प्रवेश मागितला. १८२० च्या तडजोडीने मिझूरी गुलामगिरीचे व मेन मुक्त राज्य ठरले, आणि फ्रान्सकडून खरेदी केलेल्या लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६° ३०′ अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला मज्जाव झाला. १८३२-३३ मध्ये आयात जकातीवरून साउथ कॅरोलायनाने संघाचा कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. त्यामागे तेथील नेते जॉन कॅल्हून यांचा सिद्धांत होता. अध्यक्ष जॅक्सन यांनी बळाची धमकी देऊन व जकात उतरवून हा तंटा मिटवला. वाद जकातीचा असला, तरी संघाचा हात गुलामगिरीपर्यंत पोहोचेल ही भीती कॅल्हून यांच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धाने (१८४६–४८) अफाट मुलूख मिळाला आणि जुनी रेघ अपुरी पडली. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले, पण त्याबदल्यात पळालेल्या गुलामांबद्दलचा कायदा कडक झाला. संशयितास ज्यूरी नव्हती. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर आणि सोडले तर पाच डॉलर शुल्क मिळे. गुलामगिरी दूरची गोष्ट मानणाऱ्या उत्तरेतील गावांत या कायद्याने ती दारात आणून उभी केली.

सीनेटर स्टीव्हन डग्लस यांच्या कॅन्झस-नेब्रॅस्का कायद्याने (१८५४) १८२० ची रेघ पुसली व निर्णय त्या त्या प्रदेशातील वसाहतवाल्यांवर सोपवला. परिणामी दोन्ही बाजूंचे लोक हत्यारांनिशी कॅन्झसमध्ये शिरले. तेथील बळींची संख्या परंपरेने दोनशेच्या आसपास देतात, परंतु नंतरच्या एका मोजणीत राजकीय कारणाशी जोडता येणारे मृत्यू ५६ भरले. बळी कमी असोत, वृत्तपत्रांतून त्यांचा गाजावाजा मोठा झाला. मे १८५६ मध्ये सीनेटच्या सभागृहातच मॅसॅचूसेट्सचे चार्ल्स सम्नर यांना प्रेस्टन ब्रुक्स या दक्षिणी प्रतिनिधीने छडीने बेशुद्ध होईतो मारले. तोवरच्या दोन मोठ्या पक्षांपैकी व्हिग पक्ष मोडला आणि गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध हेच सूत्र धरून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. मार्च १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले, शिवाय प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसचा (संसदेचा) अधिकारही नाकारला. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला. ऑक्टोबर १८५९ मध्ये निर्मूलनवादी जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर घातलेला छापा दोन दिवसांत फसला. फाशीनंतर उत्तरेत काहींनी त्यांना हुतात्मा मानले, याचा धसका दक्षिणेने छाप्यापेक्षा अधिक घेतला.

फुटून निघणे : डेमोक्रॅटिक पक्ष १८६० मध्ये दुभंगला. चौरंगी लढतीत रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर अध्यक्ष झाले. दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांना मतेच नव्हती. दक्षिणेच्या पाठिंब्याशिवायही अध्यक्ष होता येते, हे यातून उघड झाले. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडले, १ फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा राज्ये गेली, आणि जेफर्सन डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली वेगळा राज्यसंघ स्थापन झाला. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटन बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. लिंकन यांनी ७५,००० स्वयंसैनिक मागवताच व्हर्जिनिया, आर्कान्सॉ, टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना ही राज्येही फुटली. डेलावेअर, मेरीलंड, केंटकी व मिझूरी ही गुलामगिरीची राज्ये मात्र संघातच राहिली.

कारणमीमांसा : युद्धानंतर दक्षिणेत, आपण संघाविरुद्ध राज्यांच्या हक्कांसाठी लढलो, असा पक्ष मांडला गेला. इतिहासकारांपैकी जेम्स फोर्ड र्‍होड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुलामगिरी हेच एकमेव कारण मानले. चार्ल्स बीअर्ड यांनी औद्योगिक उत्तर व कृषिप्रधान दक्षिण यांचा आर्थिक संघर्ष पुढे केला. रँडॉल व क्रेव्हन यांनी युद्ध टाळता आले असते, ते त्या पिढीच्या नेत्यांच्या चुकांनी झाले असे म्हटले. डू बॉइस यांनी १९३५ मध्येच गुलामांची स्वतःची कृती केंद्रस्थानी आणली होती, पण तिच्याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. केनेथ स्टँप व एरिक फोनर यांच्यापासून गुलामगिरी पुन्हा मध्यभागी आली. मायकेल होल्ट पक्षपद्धतीच्या मोडतोडीवर भर देतात, तो भाग ‘तेव्हाच का’ या प्रश्नापुरता उपयुक्त आहे.

राज्ये जकातीमुळे फुटली, हा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही : वाढीव जकातीचा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला तेव्हा सात राज्ये गेलेली होती. राज्यांच्या हक्कांचेही तसेच. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यातील मुख्य तक्रार, उत्तरेकडील राज्ये आपले कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत, ही आहे. म्हणजे उत्तरेने तेच हक्क वापरल्याबद्दलची. मिसिसिपीने तर आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप असल्याचे लिहूनच दिले. राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हॅना येथे वांशिक विषमता ही नव्या सरकारची कोनशिला म्हणून सांगितली. युद्ध हरल्यावर त्यांनीच घटनात्मक हक्कांच्या बाजूने दोन खंड लिहिले. यांतील आधीचे विधान विश्वसनीय धरावे.

उत्तरेने मात्र आरंभी संघ टिकवण्यासाठीच शस्त्र उचलले. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरता होता. सर्वत्र बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये संमत झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

महाराष्ट्राशी संबंध : दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी होताच लँकेशरने भारतीय कापसाकडे मोर्चा वळवला आणि खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या कापसाला मुंबईत कधी नव्हे असा भाव आला. त्या पैशातून मुंबईत बँका व समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, आणि प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे प्रमुख नाव झाले. जोतीराव फुले यांनी १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीशी त्यांनी केलेली ही तुलना स्वतंत्र नोंदीचा विषय आहे. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण गेल्याची वार्ता आल्यावर कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ या वायद्यांचा हिशेब चुकता करण्याच्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या व पुढे बँक ऑफ बाँबेही मोडीत निघाली. तेजीत कर्ज काढलेल्या शेतकऱ्यांवरील बोजा हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांपैकी एक मानले जाते. त्याचे प्रमाण किती, याबद्दल मतभेद आहेत. दंगे पेटलेल्या पुणे-अहमदनगर भागात कापसाचे पीक मर्यादितच होते.