‘व्हॉट द डिकन्स’मधला डिकन्स कोण?

इंग्रजी वाक्प्रचारांच्या जन्मकथा व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्यांतली एक अशी, की ‘व्हॉट द डिकन्स!’ हा उद्गार कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या आडनावावरून आला. ऐकायला पटते, पण साफ चुकीची आहे. डिकन्स जन्मला १८१२ मध्ये. शेक्सपिअर वारला १६१६ मध्ये, आणि त्याच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकातल्या मिसेस पेजच्या तोंडी हेच शब्द आहेत.

इथला डिकन्स म्हणजे डेव्हिल, सैतान. सैतानाचं नाव तोंडातून निघू नये म्हणून पहिला ‘ड’ तेवढा ठेवायचा आणि पुढचं सगळं बदलून टाकायचं. डिकन हे रिचर्डचं लाडाचं नाव, त्यावरून डिकन्स हे आडनाव झालं. म्हणजे ‘ड’चं एक निरुपद्रवी नाव लोकांच्या तोंडी होतंच. गॉडचं गॉश, हेलचं हेक, डॅमचं डार्न ही त्याच जातीची मंडळी. फ्रेंचांनी तर ‘देव’ (dieu) या शब्दाच्या जागी त्याच्याशी यमक जुळणारा ‘निळा’ (bleu) बसवला.

मला यातलं खरं कोडं पुढे दिसतं. बोलणाऱ्याला अर्थ ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. मग आवाज बदलून वाचतं काय?

ब्रिस्टल विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. माणसाच्या तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी उकाड्यापेक्षा भावनेला जास्त दाद देतात. मन दचकलं की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारं मज्जातंतूंचं जाळं, या ग्रंथींना हुकूम सोडते, खारट घाम वर चढतो आणि त्वचेतून वीज जरा सहज वाहू लागते. दोन बोटांना दोन इलेक्ट्रोड लावून अगदी क्षीण विद्युतदाब दिला, की ही वाढ मायक्रोसीमेन्स या एककात मोजता येते. शब्द उच्चारल्यावर एक ते तीन सेकंदांत आलेख उसळी घेतो. घाम डोळ्यांना दिसतही नाही, तरी यंत्राला कळतो. या प्रयोगात लोकांनी शिव्या मोठ्याने वाचल्या, त्याच शिव्यांची सौम्य रूपं वाचली आणि साधे शब्दही वाचले. खऱ्या शिवीला आलेख जेवढा उसळला, तेवढा सौम्य रूपाला उसळला नाही. अर्थ तोच होता, बदललं होतं ते फक्त ध्वनिरूप.

संशोधकांच्या मते हे अभिसंधान आहे, पावलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची तसं. लहानपणी तो विशिष्ट आवाज तोंडातून निघाला की ओरडा बसतो, आणि त्या आवाजाची भीतीशी थेट जोडणी होते. ती अर्थाच्या वाटेने जात नाही. शिव्यांची मेंदूतली वाट निराळी असल्याची खूण १८६१ मध्येच मिळाली होती. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकाचा प्रसिद्ध रुग्ण लबोर्न्य याच्या तोंडून ‘टां’ याखेरीज जवळजवळ काही निघत नसे, पण संताप अनावर झाला की तो देवाच्या नावाने शिवी हासडायचा. डाव्या मेंदूची वाक्य जुळवणारी यंत्रणा बंद पडली तरी शिवी अखंड बाहेर येते.

आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात. नाव घेतल्याने साप येतो, ही समजूत अजून मुलांच्या कानांवर घातली जाते. ती थांबायला हवी. सापाला मराठी कळत नाही. तळहाताला घाम सुटतो तो बोलणाऱ्याच्या. आणि लहानपणापासून ‘लांबडं’ हाच शब्द भीतीच्या सुरात ऐकला, तर पुढे त्यालाही घाम सुटणार, कारण जोडणी आवाजाशी होते. संडासाचं शौचालय, त्याचं टॉयलेट आणि आता वॉशरूम झालं, ते याच कारणाने. दर पिढीत नव्या शब्दालाही जुना वास लागतो.

कादंबरीकाराच्या आडनावापासून झालेला शब्द इंग्रजीत आहे, पण तो ‘डिकेन्सियन’. १८२४ मध्ये वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. ते दैन्य पुढे त्याच्या कादंबऱ्यांत उतरलं. ब्रिटनमध्ये ओल आलेल्या, कोंदट भाड्याच्या खोल्यांना आजही हेच विशेषण लावतात.