पायाखालचा वजनकाटा

जानेवारीत मोंझाच्या पहिल्या वळणाला माझी गाडी हुकमी थांबायची. मे महिन्यात गाडी तीच, वळण तेच, ब्रेक दाबायची जागाही तीच. पण पुढची चाकं जाम व्हायची आणि मी वळण सोडून सरळ पुढे. गाडी अर्थातच स्क्रीनवरची, रेसिंग गेममधली; स्टिअरिंग आणि पायाखालची पेडल मात्र खरी. मी बसलेलो जळगावात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, कूलरचं तोंड स्वतःकडे वळवून.

इटलीतलं मोंझा म्हणजे लांबलचक सरळ पट्ट्यांचं सर्किट. फॉर्म्युला वनच्या गाड्या तिथे पहिल्या वळणाला ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर वेगाने येतात आणि काही सेकंदांत शंभराच्या खाली उतरतात. ब्रेक जरा जास्त दाबला की चाक फिरायचं थांबतं, टायर घसरायला लागतो, आणि घसरणारा टायर ना नीट थांबवतो ना वळू देतो. इतक्या काठावर गाडी चालवायची तर पाय भरवशाचा हवा. महिनाभर मी पायालाच शिव्या घातल्या. मग जूनमध्ये पहिला पाऊस झाला, पत्रे गार झाले आणि त्या रात्री माझा ब्रेक आपोआप सुधारला. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. खोट पायात नव्हती, पेडलच्या मागे बसवलेल्या पिवळ्या तुकड्यात होती.

तो तुकडा मीच बसवलेला. पेडलची मूळ स्प्रिंग फारच लेचीपेची वाटायची, म्हणून गाडीच्या सस्पेन्शनमध्ये वापरतात तसला पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचा, बुश आणून मागे कोंबला होता. पॉलियुरेथेन तापलं की थोडं मऊ पडतं. (ताणलेलं साधं रबर गंमत म्हणजे उलट वागतं, तापवलं की आखडतं. पण तो वेगळा विषय.) जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि पत्र्याखाली काय होत असेल ते इथल्या माणसाला सांगायला नको. बुश मऊ पडला की तेवढ्याच जोराने पेडल जास्त खाली जायचं, आणि गेमला वाटायचं, याने ब्रेक जास्त दाबला.

गेमच्या पेडलच्या स्वस्त सेटमध्ये पायाने किती जोर लावला हे कोणी मोजतच नाही. पेडल किती अंतर खाली गेलं एवढंच मोजतात. अनेकांचा पहिला सेट असलेल्या लॉजिटेक जी२९ मध्ये हे काम पोटेन्शिओमीटर करतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा: विजेला विरोध करणाऱ्या पट्टीवरून एक पाकळी सरकते, जागा बदलली की विद्युतदाब बदलतो. ते बटण जुनं झालं की फिरवताना खरखर व्हायची ना, तसंच इथेही होतं. पट्टी झिजते, धूळ बसते, आणि पाय स्थिर असताना ब्रेकचा आकडा उड्या मारतो. आपल्याकडच्या धुळीत हे लवकरच होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की काही महिने निभावतं.

त्यापुढची पायरी हॉल सेन्सरची. वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या बाजूंमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो, हे एडविन हॉलने १८७९ मध्ये दाखवलं. चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून झीज नाही आणि खरखरही नाही. पण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. हॉल सेन्सर घेतला म्हणजे ब्रेक सुधारला, असं नव्हे. तोही अंतरच मोजतो. माझा पिवळा बुश त्यालाही तसाच चकवला असता.

एक्सिलेटरसाठी अंतर मोजणं अगदी योग्य आहे. आजच्या खऱ्या गाड्यांतही एक्सिलेटरच्या पेडलखाली जागा सांगणारा सेन्सरच असतो. क्लचचंही तेच, त्याच्यावर जास्त विचार करू नका. गोम आहे ती ब्रेकमध्ये. खऱ्या गाडीत पेडलमागे ऑइलने भरलेली नळी असते. ऑइल जवळजवळ दाबलं जात नाही, आणि पास्कलच्या नियमाने पायाचा दाब थेट चारही चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचतो. पेडल थोडं जातं आणि मग घट्ट होतं. त्यापुढे गाडी किती थांबेल हे ठरतं ते पायाच्या जोरावर. पेडल किती सरकलं याला फारसा अर्थ उरत नाही.

आपल्या शरीरातही या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत. स्नायू किती ताणला गेला हे सांगणारे संवेदक स्नायूच्या आत असतात. स्नायू किती जोर लावतोय हे सांगणारे संवेदक मात्र तो हाडाला जिथे जोडला जातो, तिथल्या कंडरेत असतात. त्यांना गोल्जीचं नाव आहे; त्याच इटालियन शास्त्रज्ञाला १९०६ चं नोबेल विभागून मिळालं. मऊ स्प्रिंगच्या पेडलवर पोटरी आणि घोटा हवेत चाचपडत राहतात. पेडल घट्ट झालं की हे जोर मोजणारे संवेदक कामाला लागतात आणि पायाला धरायला काहीतरी मिळतं. माझा अनुभव तरी असा आहे की पाय ‘तीन सेंटिमीटर’ लक्षात ठेवत नाही, ‘एवढा जोर’ लक्षात ठेवतो.

मग जोर मोजायचा कसा? त्यासाठी सावद्याला जा. केळीने भरलेला ट्रक भुईकाट्यावर चढतो आणि आत बसलेल्या माणसासमोर आकडा येतो. त्या लोखंडी फलाटाखाली लोड सेल असतात: वजनाने किंचित वाकणारे किंवा दबणारे धातूचे ठोकळे. जळगावच्या सराफ बाजारातल्या लहान काट्यांतही त्याच जातीचा छोटा सेल सापडतो. चांगल्या ब्रेक पेडलमध्ये हाच ठोकळा असतो, बाकी काही जादू नाही.

ठोकळ्यावर नागमोडी पत्र्याची पातळ पट्टी चिकटवलेली असते. ठोकळा ताणला गेला की पट्टी लांब आणि बारीक होते, तिचा विरोध वाढतो. ताणाने तारेचा विरोध बदलतो हे केल्व्हिनने १८५६ मध्येच नोंदवलं होतं. चिकटवायची पट्टी मात्र १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. रूज तर भूकंपात पाण्याच्या टाकीचं काय होतं, ते तपासत होता! बदल अगदी चिमूटभर असतो. ३५० ओमची पट्टी हजारात एक भाग ताणली, तर विरोध जेमतेम ०.७ ओमने वाढतो. म्हणून चार पट्ट्या व्हीटस्टनच्या जोडणीत बसवतात: दोन ताणल्या जातात, दोन दाबल्या जातात, आणि मोजला जातो तो त्यांच्यातला फरक. खोली तापली तर चारही पट्ट्या सारख्या तापतात आणि फरक जवळपास तिथेच राहतो. बुश मऊ पडून पेडल दोन मिलिमीटर जास्त खाली गेलं तरी ३० किलोचा जोर ३० किलोच दिसतो. असा सेल बसवला आणि माझं मे महिन्याचं दुखणं संपलं.

आता खरेदीचं. जाहिरातीत ‘१०० किलोचा लोड सेल’ वाचून हुरळू नका. सेल पेडलच्या कुठल्या जागी आहे यावर सगळं अवलंबून. पेडल म्हणजे पहारच. पेडल ज्या खिळीवर फिरतं तिच्यापासून पाय २० सेंटिमीटरवर आणि सेल ५ सेंटिमीटरवर असेल, तर पायाच्या २५ किलोंनी सेलवर १०० किलो पडतात. दोन कंपन्यांचे आकडे ताडताना पायाचा जोर किती, हे विचारा. आणि फार मोठा आकडा हवाच कशाला? प्रवासी गाडीच्या ब्रेकची चाचणी घेताना युरोपातल्या नियमांत पायाचा जोर ५०० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे ५० किलोच्या आत धरतात. घरच्या खुर्चीवर बसून तासभर खेळणाऱ्याला एवढा पुरून उरतो. थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएमसारख्या सेटमध्ये ब्रेकला लोड सेल आणि बाकी दोन्ही पेडलना चुंबकाचे सेन्सर असतात. मला तरी ही विभागणी शहाणपणाची वाटते.

स्वतः जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. काट्यांसाठी मिळणारं एचएक्स७११ नावाचं स्वस्त सर्किट सेकंदाला १० किंवा ८० वेळा मोजतं, आणि बाजारात मिळणाऱ्या त्याच्या बऱ्याच पाट्या १० वर जोडलेल्या असतात. केळीच्या घडाला घाई नसते, म्हणून काट्याला चालतं. ताशी ३०० च्या वेगात गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते. म्हणजे दोन मोजणींमध्ये आठ मीटर! ८० वर जोडलं तर हेच अंतर एका मीटरवर येतं.

पण पैसे सेलवर घालण्याआधी खुर्चीकडे बघा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तुम्ही पेडल ४० किलोने ढकललं की खुर्चीलाही तेवढाच धक्का मागे बसतो, आणि चाकांची खुर्ची गुळगुळीत फरशीवरून सरळ कपाटाला जाऊन भिडते. पहिल्या दिवशी मी ब्रेक मारला आणि गाडीच्या आधी मीच मागे गेलो. पट्ट्याने खुर्ची पेडलला बांधून काही दिवस ढकलले. शेवटी एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपची चौकट करून घेतली, सीट आणि पेडल एकाच सांगाड्यावर. चौकट लवत असेल तर पायाचा जोर ती वाकवण्यात जातो आणि पायाला परत मऊपणाच जाणवतो. नवा सेट घ्यायचा नसेल तर एवढं तरी कराच. जुना पोटेन्शिओमीटरसुद्धा शहाण्यासारखा वागायला लागतो. हायड्रॉलिक सेट, मोटरवर चालणारी पेडल वगैरे चैन आहे. त्या पैशात कूलर बदला.

दिवाळीला अमळनेरहून मामा आले. कापूस विकताना काट्यासमोर उभं राहण्यात त्यांची हयात गेलेली. चौकटीकडे बघून म्हणाले, “हाई काय शे?” मी सेल दाखवला, स्क्रीनवर किलोचा आकडा लावला आणि त्यांना पाय ठेवायला सांगितलं.

“हाऊ तं काटाच शे!” मामा म्हणाले. पण पाय ठेवेनात. आधी झिरो दाखव म्हणाले.

पेडल मोकळं होतं आणि स्क्रीनवर २ किलो दिसत होते. मधल्या काळात मी बुश बदलून थोडा आवळून बसवला होता आणि नव्याने शून्य करायचं राहून गेलं होतं. म्हणजे आठवडाभर मी सरळ पट्ट्यांवरही ब्रेक किंचित लावूनच गाडी पळवत होतो.