रिफ्लेक्सॉलॉजी: रबरबँडपासून तळपायाच्या नकाशापर्यंत

रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळपायाच्या ठरावीक जागा दाबल्या की शरीरातल्या अवयवांवर परिणाम होतो, असं मानणारा उपचार. त्याचा इतिहास बरेच जण इजिप्तपासून सांगतात. सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या कबरीत हातापायांवर काम करणारी माणसं कोरलेली आहेत, हे खरं. पण ती मालिश आहे की नखांची निगा, यावर एकमत नाही. तिथून आजच्या पद्धतीपर्यंत परंपरेचा अखंड धागाही मिळत नाही. आजची रिफ्लेक्सॉलॉजी अमेरिकेत घडली, तीही विसाव्या शतकात.

सुरुवात विल्यम फिट्झजेराल्ड यांची. हार्टफर्डमधल्या या कान-नाक-घसा तज्ज्ञाने शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, प्रत्येक पट्टा हाताच्या आणि पायाच्या एकेका बोटाशी जोडलेला. बोट दाबून धरलं की त्याच पट्ट्यातली वेदना बधिर होते, असा त्यांचा दावा होता. एडविन बॉवर्स यांच्यासोबतचं त्यांचं 'झोन थेरपी' हे पुस्तक 1917 मध्ये आलं. त्यांची साधनं म्हणजे रबरबँड, कपड्यांचे चिमटे, धातूचा कंगवा. रबरबँड जास्त वेळ राहिला तर रक्तप्रवाह अडतो आणि बोट निळं पडतं, ही या पद्धतीतली उघड अडचण.

डॉक्टर जो शेल्बी रायली यांनी या उभ्या पट्ट्यांना आडव्या रेषांची जोड दिली. खरं वळण मात्र त्यांच्याकडे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट युनिस इंगम यांचं. तळपायाच्या दुखऱ्या जागी कापसाचे बोळे चिकटवून त्या रुग्णांना चालायला लावत. सतत दाबाने ती जागा फारच हुळहुळी व्हायची, म्हणून त्या दाब-सोड, दाब-सोड या पद्धतीकडे वळल्या. आजचं तंत्र यातूनच आलं: हाताच्या अंगठ्याचं पहिलं पेर वाकवत-सरळ करत अळीसारखं पुढे सरकायचं. टोकाने दाबलं तर नख रुततं; दाब अंगठ्याच्या कडेचा हवा. इंगम यांच्या तळपायाच्या नकाशात पायाचा अंगठा म्हणजे डोकं, चवड्याचा भाग छाती, आतली कड पाठीचा कणा, टाच ओटीपोट. त्यांचं पहिलं पुस्तक 1938 चं.

पुढे हाने मार्क्वार्ट यांनी जर्मनीत आणि डोरीन बेली यांनी ब्रिटनमध्ये हे तंत्र शिकवलं. तैवानमध्ये स्विस मिशनरी योसेफ ऑयग्स्टर यांनी ते लोकप्रिय केलं. तिथला दाब बोटाच्या सांध्याचा, बराच जोरकस.

तळपाय आणि अवयव जोडणारा असा कोणताही मज्जामार्ग शरीरशास्त्राला सापडलेला नाही. 2009 मध्ये पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी रिफ्लेक्सॉलॉजीच्या 18 चाचण्या तपासल्या. एकाही आजारावर खात्रीशीर परिणाम दिसला नाही. पाय हलके वाटतात, आराम मिळतो, तेवढ्यासाठी जरूर घ्यावा. नकाशावरून रोगनिदान करू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, ताजं फ्रॅक्चर किंवा उघडी जखम असेल तर पायाला हात लावू नये.