मॅरियन बेट: मांजरं गेली, उंदीर राहिले

मॅरियन बेटावर उंदीर समुद्री पक्ष्यांना जिवंत कुरतडतात, म्हणून हेलिकॉप्टरमधून उंदरांचं विष टाकायचा प्लॅन आहे म्हटलं की लोक आधी भडकतात, पण या घोळाला दोनशे वर्षं होत आलीत. दक्षिण आफ्रिकेपासून जवळपास दोन हजार किमीवरचं हे ज्वालामुखीचं बेट, साधारण २९० चौरस किमी, १९८० मध्येही इथे लाव्हा आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सील मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर उतरले.

१९४७-४८ ला दक्षिण आफ्रिकेने बेट ताब्यात घेतलं, हवामान केंद्र उभं केलं, आणि तिथले उंदीर मारायला पाच मांजरं आणली. फक्त पाच! १९७७ पर्यंत ती ३४०० च्या आसपास झाली आणि वर्षाला साडेचार लाख पक्षी खायला लागली, मुख्यतः बिळात घरटं करणारे पेट्रेल नावाचे समुद्री पक्षी. मग मांजरांचा व्हायरस सोडला, उरलेली रात्री टॉर्च घेऊन गोळ्या घालून, सापळे लावून संपवली, १९९१ ला शेवटचं मांजर गेलं.

आता खरा वाद. मांजरं काढली म्हणूनच उंदीर माजले असं सर्रास म्हटलं जातं. ऐकायला पटतं, पण मला हे अर्धवट वाटतं, कारण मांजरांचं पोट पक्ष्यांवरच भरायचं, उंदीर तेव्हाही भरपूर होतेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बेट गरम आणि कोरडं होत गेलं, उंदरांचा विणीचा काळ लांबला आणि त्यांचं खाणं असलेले किडे संपत आले, मग ते पक्ष्यांकडे वळले. २००३ ला आल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याच्या पिल्लांवर पहिल्या जखमा दिसल्या, २०१५ ला प्रकार खूप वाढला, २०२३ ला तर मोठे पक्षीही मेलेले सापडले. जमिनीवरचा शत्रू त्यांना माहीतच नाही, त्यामुळे रात्री उंदीर अंगावर चढून कुरतडतो आणि पक्षी आपला घरट्यावर बसून राहतो. आणि जगातल्या पिल्लं वाढवणाऱ्या भटक्या आल्बाट्रॉसपैकी (ही त्यातली एक जात) जवळजवळ एक चतुर्थांश इथलेच!

विष हिवाळ्यात टाकायचं, कारण तेव्हा उंदीर उपाशी असतात आणि बहुतेक पक्षी समुद्रावर गेलेले असतात. बेटावर बारा महिने राहणारे शीथबिल पक्षी त्यात काही प्रमाणात मरणार, हा आक्षेप खोटा नाही. पण अर्ध्याच बेटावर विष टाकून थांबता येत नाही, एक गाभण उंदरीण वाचली तरी सगळं पाण्यात. शेजारच्या, वीसेक किमीवरच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर उंदीर कधी पोचलेच नाहीत.